शिट्टी वाजली की थांबणारा नायक

माझ्या वाचनालयात कादंबरी मागायला येणाऱ्या बायका लेखकाचं नाव क्वचितच सांगतात. त्या नायकाचा धंदा सांगतात. ‘डॉक्टरचं आहे का एखादं?’ ‘मिल्ट्रीतल्या माणसाचं द्या.’ ‘मागच्या वेळी दिलं तसंच द्या, पण कारखानदाराचं नको, तो फार ओरडतो.’ वणीत माझं वह्या-पेनांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या खोलीत हे वाचनालय. सप्तशृंगी गडावर निघालेले भाविक पुढच्या दारातून पाण्याची बाटली नेतात, गावातल्या बायका मागच्या दारातून पुस्तक. द्राक्षांची छाटणी आणि टोमॅटोची तोडणी चालू असली की खोली ओस पडते, पाऊस लागला की भरते. नायकाच्या धंद्यावरून पुस्तक शोधायची मला सवय झाली आहे. माझी कपाटंही मनातल्या मनात तशीच लावलेली आहेत.

अलीकडे नवी मागणी येऊ लागली आहे : ‘काकू, खेळाडूचं आहे का?’ पहिल्यांदा हे विचारलं ते बारावीतल्या एका मुलीनं. नाशिकला कॉलेजात असलेल्या बहिणीच्या मोबाइलवर तिनं इंग्रजीतली एक प्रेमकादंबरी वाचली होती. नायक बर्फावरच्या हॉकी संघाचा कप्तान, नायिका बर्फावर नाचणारी स्केटर. दोन खेळांना सरावासाठी एकच मैदान वाटून घ्यावं लागतं, त्यावरून भांडण आणि भांडणातून प्रेम. मी म्हटलं, ‘अगं, आपल्याकडे बर्फ फक्त गोळेवाल्याकडे असतो.’ ती हसली, पण मागणी तिनं मागे घेतली नाही. तिनं वाचलेलं पुस्तक होतं हॅना ग्रेस या इंग्लंडमधल्या लेखिकेचं २०२२ सालचं ‘आइसब्रेकर’. लेखिकेनं ते आधी स्वतःच प्रकाशित केलं, मोबाइलवरच्या वाचक मुलींनी ते डोक्यावर घेतलं आणि मग मोठ्या प्रकाशनसंस्थेनं उचललं.

ते एकटं पुस्तक नाही. इंग्रजीत खेळाडू-नायकांच्या प्रेमकादंबऱ्यांचा एक वेगळा कप्पाच तयार झाला आहे. सुझन एलिझाबेथ फिलिप्स यांनी १९९४ साली ‘इट हॅड टू बी यू’ लिहिली. तिच्यात वारशानं एका फुटबॉल संघाची मालकीण झालेली बाई आणि त्या संघाचा तापट प्रशिक्षक यांची जोडी आहे. त्यानंतर तो संघ त्यांच्या पुढच्या कित्येक पुस्तकांना पुरला. एल केनेडीची २०१५ सालची ‘द डील’ कॉलेजातल्या हॉकीपटूची. त्याला परीक्षेत पास व्हायचंय, तिला दुसऱ्याच एका मुलाचं लक्ष वेधायचंय, म्हणून दोघं सौदा करतात. या कादंबऱ्यांचे काही ठरलेले साचे आहेत. खोटं-खोटं प्रेम दाखवता दाखवता खरं होणं, प्रतिस्पर्ध्याच्या बहिणीवर जीव जडणं, दुखापतीमुळे घरी बसलेल्या खेळाडूची शुश्रूषा. शेवट गोड हवाच. तो नसेल तर वाचक त्या पुस्तकाला प्रेमकादंबरी मानायलाही तयार नसतात. आणि संघ म्हणजे एकत्र कुटुंबच : थोरल्याचं लग्न लागलं की पुढच्या पुस्तकात मधल्याचं ठरतं. कप्तानाची गोष्ट वाचताना गोलरक्षक कोपऱ्यात गप्प बसलेला दिसतो, आणि वाचणारीला कळतं की याचाही नंबर येणार.

आपल्याकडे हे का नाही, असं त्या मुलीनं विचारलं. मी विचार करायला लागले तर उत्तर सरळ निघेना. माझ्या कपाटात योगिनी जोगळेकर आहेत, शैलजा राजे आहेत, सुमती क्षेत्रमाडे आहेत. चंद्रकांत काकोडकर तर होतेच. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून १९६९ साली ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला, इतका या लेखनाचा पसारा होता. या सगळ्या फळ्यांवर डॉक्टर भरपूर, प्राध्यापक, चित्रकार, इंजिनियर, जमीनदार भरपूर. खेळाडू शोधून काढावा लागतो. क्षेत्रमाडेबाई स्वतः डॉक्टर होत्या, त्यामुळे दवाखाना त्यांच्या परिचयाचा. आखाडा कुठल्या लेखिकेच्या परिचयाचा असणार?

पुरुष लेखकांत ना. सी. फडक्यांचं नाव काढलं की जुन्या वाचकांच्या डोळ्यांपुढे टेनिसचं कोर्ट उभं राहतं. देखणा, कॉलेजात शिकणारा, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला तरुण, आणि जाळीच्या पलीकडे ती. पण त्या कोर्टावरचं टेनिस म्हणजे खरं तर भेटीचं निमित्त. त्या तरुणाला कुणी हरवलंय, त्याचा खांदा रात्रभर ठणकतोय, असं सहसा घडत नाही. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. त्याच कॉलेजात कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कादंबरीला याहून जास्त काय लागतं? पण आपल्या प्रेमकथेनं टेनिसचं कोर्ट उचललं आणि तालमीतली लाल माती तशीच ठेवली.

मराठी बायका खेळाडूंवर फिदा नव्हत्या असं मात्र नाही. सुनील गावसकर ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटात चक्क नायक होते. संदीप पाटील हिंदीत ‘कभी अजनबी थे’मध्ये चमकले आणि पुढे ‘एकच षटकार’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांच्या नावाशी जोडलं गेलं. माझ्या पिढीतल्या किती मुलींनी त्यातली चित्रं कापून वहीत ठेवली, ते त्यांच्या नवऱ्यांना विचारू नये.

आणि सचिन. १९९० साली इंग्लंडहून परतताना मुंबईच्या विमानतळावर त्याला अंजली मेहता नावाच्या मुलीनं पाहिलं. ती डॉक्टरकी शिकत होती आणि हा कोण हे तिला ठाऊक नव्हतं, क्रिकेटही ठाऊक नव्हतं. पुढे ती पत्रकार असल्याचं सांगून त्याच्या घरी गेली. २४ मे १९९५ ला लग्न झालं. मुलगा एका मराठी कवीचा, रमेश तेंडुलकरांचा, आणि गोष्ट अशी की आमच्या कपाटातली नेहमीची जोडी उलटी झाली : डॉक्टर ती, आणि ज्याच्याकडे टक लावून बघायचं तो हा.

मला वाटतं, सगळं या बघण्यातच आहे. आमच्याकडे गावोगावच्या यात्रांना कुस्त्या असतात. हलगी घुमायला लागते, आधी पोरासोरांच्या कुस्त्या लागतात, जिंकणाऱ्याला नारळ नाहीतर थोडे पैसे. मग मोठे पैलवान लांग कसून उतरतात, एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, शड्डू घुमतो. मैदानाच्या कडेनं सगळे बाप्ये. बाया कुठे? माळवदावर, गच्चीवर, ट्रॉलीत, लांबवर रसवंतीच्या आडोशाला. पदर डोक्यावर, मांडीवर पोरगं, आणि नजर मात्र आखाड्यात. एरवी गावात बाईनं पुरुषाच्या अंगाकडे दोन क्षण जास्त पाहिलं तर बोभाटा होतो. तिच्याकडे मात्र बाजारापासून एसटीपर्यंत सगळे खुशाल बघतात. कुस्तीच्या दिवशी तिला एक सबब मिळते : ‘कुस्ती बघतेय.’ खेळ ही बाईला मिळालेली बघण्याची मुभा आहे. खेळाडू-नायकाच्या कादंबरीचं पहिलं मर्म मला हे वाटतं. तिथे बघणारी ती असते, आणि ज्याच्याकडे बघायचं तो पुरुष. कुणी तिला हटकत नाही.

दुसरं मर्म त्याच्या पुढचं. गच्चीवरून पैलवानाची पाठ दिसते, पण कुस्ती हरल्यावर तो विहिरीवर एकटा जाऊन काय करतो ते दिसत नाही. कादंबरी ते दाखवते. गुडघ्याला लावलेली बर्फाची पिशवी, वजन कमी करण्यासाठी उपाशी काढलेले दिवस, आता वय झालं या शब्दाची धास्ती. बाकीच्या धंद्यांतल्या नायकांचं अपयश चार भिंतींत राहतं. खेळाडू सगळ्या गावादेखत चितपट होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जोर मारायला उठतो. माझ्याकडे येणाऱ्या एका वहिनींनी हे फार सोप्या शब्दांत सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडं माणूस हरला की दार आपटतो. हा हरला की सरावाला जातो.’ मी त्यांना त्या दिवशी पुस्तकाचं भाडं मागितलं नाही.

पैलवानाच्या बाबतीत तर आणखी एक गाठ आहे. पाश्चात्त्य कादंबरीतला हॉकीपटू बहुधा पोरींच्या गराड्यात हिंडणारा असतो आणि नायिका त्याला ताळ्यावर आणते. आपला पैलवान लंगोटाचा पक्का. तालमीचा नेम, वस्तादाचा शब्द, खुराक आणि ब्रह्मचर्य. त्याची अडचण नेमकी उलटी : आडदांड देह, आणि बाई समोर आली की मान खाली. २०१६ साली झी मराठीवर ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली तेव्हा ही गाठ महाराष्ट्रातल्या घराघरात बसली. कोल्हापूरकडचा शेतकरी पैलवान राणा, शिक्षण जेमतेम, आणि गावात आलेल्या शिक्षिका पाठकबाई. मालिका २०२१ च्या सुरुवातीपर्यंत चालली. त्या काळात संध्याकाळी माझ्याकडे कुणी फिरकायचं नाही. ‘चालतंय की’ हे राणाचं बोलणं आमच्या वणीतही, कोल्हापूरपासून इतक्या लांब, रिक्षावाल्यापासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं. पुढे हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर या त्या जोडीनं डिसेंबर २०२२ मध्ये खरोखरच लग्न केलं, तेव्हा बायकांना आपल्याच घरातलं कार्य असल्यासारखं झालं.

त्या मालिकेत बायकांना काय आवडायचं हे मी कान देऊन ऐकलंय. राणा चार जणांना उचलून आपटतो, हे त्या सांगायच्या, पण चटकन. रंगून सांगायच्या ते वेगळंच : तो बाईंसमोर कसा उभा राहतो, आवाज कसा खाली येतो, शिकायला कसा बसतो. अंगात एवढी ताकद असून ती घरात वापरत नाही. शेतावर, रस्त्यावर, घरात बायका जी पुरुषी ताकद रोज पाहतात, ती कुणाच्या ताब्यात नसलेली असते. खेळाडूची ताकद नियमात असते. पंच आहे, रेषा आहे, वेळ आहे. प्रतिस्पर्धी खाली पडला, पाठ टेकली, शिट्टी वाजली, की हात सोडायचा आणि त्याला उठवायला हात द्यायचा. रागाच्या भरातही थांबता येणं हे खेळाडूचं शिक्षण आहे. माझ्या मते वाचणाऱ्या बाईचा जीव जडतो तो या थांबण्यावर. दंड-बेटकुळ्या हा वरचा शृंगार.

म्हणूनच नायक पैलवान किंवा हॉकीपटूच असला पाहिजे असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत नेमबाजी शिकला. रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करत त्यानं सराव चालू ठेवला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं ते वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून, अशा तीन अवस्थांत नेम धरायचा. श्वास कधी सोडायचा आणि चाप कधी ओढायचा याचं गणित. सगळा खेळ स्वतःला स्थिर ठेवण्याचा. त्या दिवशी दुकानातल्या टीव्हीपुढे उभ्या असलेल्या मुलींमध्ये एकीनं म्हटलं, ‘किती शांत आहे ना!’ मला त्या वाक्यात अख्खी कादंबरी ऐकू आली.

प्रेमकथेतला खेळाडू आपल्या मातीत आणखी एक काम करतो, ते इंग्रजी पुस्तकांत फारसं दिसत नाही. ‘सैराट’ आठवा. २०१६ सालचा नागराज मंजुळे यांचा तो चित्रपट सुरू होतो क्रिकेटच्या सामन्यानं. परश्या संघाचा कप्तान आहे, गाव त्याच्या नावानं ओरडतंय. जातीनं, पैशानं, घरानं त्याला आर्चीच्या वाड्याच्या पायरीवरही जागा नाही. पण मैदानावर, सामना चालू असेपर्यंत, तो सगळ्यांसमोर देखणा आहे. गरिबाच्या पोराला गावादेखत देखणं ठरायची ही एकच जागा. मंजुळेंनी पुढचंही सांगितलं : सामना संपतो, मैदानाची मर्यादा संपते, आणि गाव पुन्हा गाव होतं. हैदराबादच्या झोपडपट्टीत परश्याच्या कप्तानपदाला कुणी विचारत नाही. गोड शेवटाची अट न पाळणाऱ्या या प्रेमकथेनं खेळ काय देतो आणि काय देऊ शकत नाही, दोन्ही दाखवलं. त्या एका चित्रपटात जो नायक आहे तो आमच्या तालुक्यातल्या टेनिस बॉलच्या प्रत्येक स्पर्धेत सापडतो. त्याच्यावर मराठीत चार बऱ्या प्रेमकादंबऱ्या असायला हरकत नव्हती.

खेळ माणसाला आपोआप सभ्य करतो असं मात्र समजू नये, आणि मी मुलींना तसं सांगतही नाही. २०२३ च्या जानेवारीत विनेश फोगाट, साक्षी मलिक यांच्यासारख्या देशाला पदकं देणाऱ्या महिला पैलवान दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, त्या कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप घेऊन. शिट्टी ज्याच्या हातात, तोच नियम मोडत असेल तर काय, हा प्रश्न त्यांनी सगळ्या देशासमोर ठेवला. त्याच वर्षी अमेरिकेत वेगळा प्रकार झाला. सिएटल क्रॅकन या हॉकी संघाला प्रेमकादंबऱ्यांच्या वाचकांचा लळा फायद्याचा वाटला, संघानं त्याला खतपाणी घातलं, आणि शेवटी एका खेळाडूच्या पत्नीला जाहीरपणे सांगावं लागलं की माझ्या नवऱ्याबद्दल जे लिहिलं जातंय ते मर्यादा सोडून चाललंय. बघण्याची मुभा पुस्तकातल्या माणसाची असते. खऱ्या माणसाला घर असतं. बाईला नको असलेल्या नजरेचा जाच आपण जन्मभर सोसतो, तर तोच दुसऱ्याला का द्यायचा?

या पुस्तकांतही हलकी आहेत, पुष्कळ आहेत. मत्सर म्हणजे प्रेम, मनगट धरणं म्हणजे हक्क, असं शिकवणारे नायक जर्सी घालून आले तरी ते जुने खलनायकच. बारावीतल्या त्या मुलीला मी एकच कसोटी सांगितली आहे : नायिका ‘नको’ म्हणते त्या पानावर नायक काय करतो ते बघ. थांबला तर पुढे वाच. नाही थांबला तर पुस्तक परत आण, मी पैसे घेणार नाही.

आणि आता नायिकेकडे वळायला हवं, कारण आमच्या जिल्ह्यानं ती आधीच दिलेली आहे. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावली. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव आमच्याकडच्या शाळकरी पोरींना पाठ आहे. आज वणीच्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुली दिसतात, कुणाची ओढणी कमरेला बांधलेली, कुणाच्या पायात भावाचे बूट. त्यांच्या वेळेचं घड्याळ धरून उभा राहणारा, त्या जिंकल्या तर मागे सरून टाळ्या वाजवणारा मुलगा हा मला आजच्या काळातला सगळ्यात मोहक नायक वाटतो. त्याला पदक नसलं तरी चालेल.

मराठी कादंबरी लिहिणाऱ्यांना, विशेषतः मोबाइलवरच्या ॲपवर रोज एक भाग टाकणाऱ्या मुलींना, माझी विनंती आहे. श्रीमंत कंपनीमालक आता पुरे झाले. ते सगळे एकाच आवाजात ओरडतात. एकदा तालमीत जा, कबड्डीच्या मैदानाशेजारी बसा, बोटीत वल्ही मारणाऱ्यांचे, भरतीसाठी धावणाऱ्यांचे हात-पाय बघा, त्यांना काय दुखतं ते विचारा. वस्तादाला विचारा की हरलेल्या पोराशी तो काय बोलतो. मग लिहा. माझ्या कपाटात त्या पुस्तकासाठी जागा रिकामी आहे, आणि मागणारी मुलगी दर आठवड्याला येऊन विचारतेच आहे.